म्हातारीच्या ओढ्याचं सोनं

आमच्या मोहिमेचा उद्देश एका वाक्यात सांगता येतो. माझे सासरे ओर्वो यांनी होणाऱ्या बायकोला पन्नास वर्षांपूर्वी एक शब्द दिला होता, आणि तो पाळायला आता ऑगस्टपर्यंतचाच वेळ उरला होता.

शब्द अंगठीचा होता. ओर्वो तेव्हा कुओपियो शहरात नवशिके प्लंबर होते. साखरपुड्याला सोन्याची अंगठी परवडेना, म्हणून त्यांनी तांब्याच्या नळीचा एक काप काढला, कानशीने घासून गुळगुळीत केला आणि हिल्काच्या बोटात घातला. "ही तात्पुरती," ते म्हणाले, "खरी अंगठी उत्तरेकडच्या लॅपलँडच्या सोन्याची. मी स्वतःच्या हाताने धुऊन काढीन त्या सोन्याची." ती तात्पुरती अंगठी अजून सासूबाईंच्या बोटात आहे. अधूनमधून त्या ती व्हिनेगरने घासतात, नाहीतर बोट हिरवं पडतं.

ओर्वो शब्द विसरले असं मात्र कोणी म्हणू नये. दर हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तरेचा नकाशा पसरायचा, मार्ग ठरायचा, नियम ठरायचे. दर उन्हाळ्यात काहीतरी आडवं यायचं: कधी छप्पर, कधी सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, भट्टी, कधी गुडघा. पहिला नियम मला लग्नाच्या वर्षीच पाठ झाला होता. "सोन्याला स्निग्धाचं वावडं. सोनं धुवायच्या परातीला लोण्याचं बोट जरी लागलं, तरी बारीक सोनं बुडी मारत नाही. तरंगतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. तेव्हा माझ्या परातीला कोणी शिवायचं नाही." सासूबाई शेजारी बसून विणत असायच्या. इतकी वर्षं एकच रेडिओ लागला, की कान आपोआप मिटतात.

या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या लग्नाची पन्नाशी होती. माझ्या बायकोने, साइलाने, टेबलावरचा नकाशा घडी घालून पिशवीत टाकला आणि एक कॅम्परव्हॅन भाड्याने आणली.

"बाबा, या वेळी निघायचंच," ती म्हणाली. "नाहीतर आईच्या बोटात हा नकाशाच घाल गुंडाळून."

व्हॅनला वजनाची मर्यादा होती, आणि मर्यादा दिसली की ओर्वोंना हुरूप येतो. न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आला. एकेक वस्तू त्यावर चढली.

"जावईबुवा, पुस्तकं दोन कशाला?"

"दोन्ही वाचायची आहेत."

"मग एक वाचून घ्या, तोवर थांबतो आम्ही."

नकाशाची पांढरी किनारसुद्धा त्यांनी कात्रीने कापून टाकली. काट्यावर चढली नाही ती फक्त त्यांची हत्यारांची पेटी. ती उचलायला दोन माणसं लागायची. "पाने नसलेला प्लंबर म्हणजे नुसता म्हातारा," असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

सासूबाईंचा तवा काट्यावर ठेवला तेव्हा ओर्वो बराच वेळ आकडा बघत राहिले. तीन पायांचा, चाकाएवढा रुंद लोखंडी तवा. उघड्यावर विस्तव पेटवून त्यावर दूध-अंड्याची धिरडी भाजल्याशिवाय आमच्याकडे उन्हाळा आला असं धरत नाहीत.

"हा येणार," सासूबाई म्हणाल्या.

"येणारच की," ओर्वो म्हणाले.

निघायच्या सकाळी त्यांनी तो गुपचूप उचलला आणि लाकडांच्या कोठीमागे नेऊन ठेवला. हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

उत्तरेचा प्रवास लांब आहे, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. पाइनची झाडं ठेंगणी होत जातात, गावं विरळ होत जातात आणि कॉफी पातळ होत जाते. एका ठिकाणी रस्त्याच्या मधोमध एक रेनडिअर रवंथ करत बसला होता. ओर्वोंनी खाली उतरून त्याला आमचं वेळापत्रक समजावून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बसून राहिला. शेवटी सासूबाईंनी खिडकीतून पावाची पिशवी वाजवली. तो उठून त्यांच्या बाजूला आला, मी गाडी काढली.

खरा रस्ता संपला, जंगलातली कच्ची वाट लागली, आणि इथून अडचणी सुरू झाल्या. वाट एका दलदलीच्या कडेने जात होती. मी डावीकडचा खड्डा चुकवला. उजवीकडची कड ढासळली. चाक बुडालं! व्हॅन एका बाजूला कलली, आतली भांडी खणखणली, आणि काळा चिखल हळूहळू दारापर्यंत चढू लागला.

"सगळे बाहेर! सामान बाहेर!" ओर्वो ओरडले.

कुओपियोत तोलून तोलून आत ठेवलेली प्रत्येक वस्तू आम्ही वाटेवर ओळीने मांडली. हत्यारांच्या पेटीतून एक साखळी आणि एक पुली निघाली, ती पाइनच्या बुंध्याला बांधून ओर्वोंनी व्हॅन इंचाइंचाने ओढून काढली. पेटीबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. पण तेवढ्या वेळात सासूबाई त्या ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या होत्या. परत आल्या. पुन्हा एकदा गेल्या. मग हत्यारांच्या पेटीशी क्षणभर थांबल्या.

"आई गप्प आहे," साइला माझ्या कानात म्हणाली. "काहीतरी झालंय."

"तुझी आई नेहमीच गप्प असते."

"हे ते नेहमीचं गप्प नव्हे."

ओढा वाटेच्या शेवटी होता. नकाशावर त्याचं नाव 'म्हातारीचा ओढा'. "चला, नकाशाला तरी ठाऊक आहे सोनं कोणासाठी काढायचंय," एवढंच सासूबाई बोलल्या. व्हॅन अलीकडच्या काठावर उभी केली. सोन्याची खडी पलीकडे होती. तिथे वेइको नावाचा एक म्हातारा सोनशोध्या झोपडी बांधून राहायचा. तिथे खणायचा हक्क त्याचा. ओर्वोंनी एकदा त्याच्या बहिणीच्या घरातली फुटलेली नळी नाताळच्या दिवशी दुरुस्त केली होती, त्या उपकारापोटी त्याने आम्हाला आठवडाभर आपला खणलेला खड्डा वापरू दिला.

सकाळी गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडायचा, खडी उपसायची, परातीत घ्यायची आणि पाण्यात गोल गोल हेलकावत धुवायची. हलकी वाळू वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं, असा हिशेब. डास इतके, की कॉफीत पडलेले काढायचं आम्ही दुसऱ्या दिवशीच सोडून दिलं. कंबर मोडायची. इतक्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नसल्यामुळे काम थांबवायला निमित्तही नसायचं. आणि परातीच्या तळाशी रोज उरायची ती काळी वाळू. फक्त काळी वाळू!

त्याच खड्ड्यातली खडी त्याच पाण्यात वेइको धुवायचा, आणि त्याच्या परातीत कोंड्याएवढे पिवळे कण चमकायचे.

"असं कसं?" ओर्वोंनी त्याला तिसऱ्या दिवशी विचारलं.

वेइकोने बराच विचार केला. "सोन्याला घाई आवडत नाही," तो म्हणाला.

"मी पन्नास वर्षं थांबलोय."

"मग माहीत नाही," वेइको म्हणाला आणि आपले कण बाटलीत भरले.

ओर्वोंची बाटलीही तयार होती. बोटाएवढी, बुचाची, स्वच्छ पुसलेली. ती ते रोज सकाळी खिशात घालत आणि रोज संध्याकाळी तशीच कोरडी काढून व्हॅनच्या खिडकीत ठेवत. आधी ते ठेवताना काहीतरी बोलायचे. नंतर नुसती ठेवायला लागले. सासूबाईंकडे बघायचंही टाळायला लागले.

संध्याकाळी व्हॅनकडे परतल्यावर समाधान होतं ते जेवणाचं. आम्ही थकून व्हॅनमध्ये आडवे व्हायचो, ओर्वो तर लगेच घोरायला लागायचे, आणि ताडपत्रीच्या आडोशाला, धुराच्या लोटात बसून सासूबाई धिरडी भाजायच्या. पातळ, कडा कुरकुरीत, परातीएवढी मोठी. त्यांच्यावर पिवळ्या रानफळांचा मुरांबा. मी किती खायचो ते साइला अजून लोकांना सांगते. दाताखाली कधीकधी कचकच लागायची.

"ओढ्याकाठी राहायचं तर वाळू येणारच," सासूबाई म्हणायच्या आणि ओर्वोंकडे रोखून बघायच्या. ओर्वो धिरड्याकडे बघायचे. काही विचारण्यासाठी तोंड उघडायचे आणि त्यात घास घालायचे.

"परातीला बघा कसा काळा रंग चढलाय," ते मला सांगायचे. "जुनी परात अशीच असते. या पाण्यात लोह असणार."

शेवटच्या दिवशी दुपारी डोंगरांवर ढग उतरले. आमच्याकडे पाऊस नव्हताच, पण ओढ्याचा आवाज बदलला. पाणी कोऱ्या चहासारखं काळं झालं, त्यावर फेस आला. वेइको झोपडीच्या दारातून ओरडला, "वरती पडतोय! निघा!"

साइला आणि मी ओढा ओलांडला तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. ओर्वो मागेच राहिले होते.

"बाबा, चल!"

"एक परात! शेवटची एकच!"

ती एक परात धुऊन होईपर्यंत सरीही आल्या. ओर्वो पाण्यात उतरले ते परात डोक्यावर पालथी धरून, दोन्ही हातांनी. पाणी कमरेला! मी व्हॅनच्या आकड्याला दोरखंड बांधला आणि फेकला. तो त्यांच्या छातीवर पडला. धरायला हात मोकळा नव्हता.

"परात सोडा!" मी ओरडलो.

"नाही सोडणार!"

"ओर्वो, सोडा ती!"

त्यांचा पाय घसरला. परात सुटली, उताणी पडली आणि गरगर फिरत होडीसारखी निघाली. तिच्यामागून ओर्वो! आता तरी ते काठाकडे वळतील असं वाटलं. ते परातीकडे वळले. एक खडक, दुसरा खडक, डोकं पाण्याखाली, डोकं वर! साइला काठाकाठाने धावत सुटली. मी दोरखंड गोळा करत मागे. पुढे ओढा वळण घेऊन धबधब्याकडे जात होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

वळणावर सासूबाई कॉफीसाठी पाणी भरत होत्या.

त्यांनी किटली खाली ठेवली. चपलांसह पाण्यात उतरल्या. एका हाताने काठावरचं झुडूप धरलं आणि दुसऱ्या हाताने आधी पोहोचलेली परात पकडली. मग ती लांब करून नवऱ्यापुढे धरली.

"धर!"

ओर्वोंनी परातीची कड धरली. बोटं निसटली! पुन्हा धरली. पुन्हा निसटली, जणू मासाच! सासूबाईंनी परात काठावर भिरकावली आणि ओर्वोंच्या विजारीचे गॅलिस, खांद्यावरचे इलॅस्टिकचे पट्टे, पकडले. गॅलिस ताणले. आणखी ताणले. ओर्वो धबधब्याकडे निघाले, सासूबाईंचा हात त्यांच्यामागून निघाला, झुडूप मुळासकट हललं. मी पोहोचलो, साइला पोहोचली, आम्ही सासूबाईंना धरलं. खेचलं!

ओर्वो मागे आले ते एकदम, गोफणीतून सुटल्यासारखे. आम्ही चौघेही काठावर एकमेकांवर पडलो.

पाऊस पडत होता. ओर्वो खोकले, बसले आणि आपल्या बोटांकडे बघू लागले. मग त्यांनी परातीकडे पाहिलं. तिच्यावर पावसाचे थेंब पसरत नव्हते. मण्यांसारखे उभे राहून घरंगळत होते. त्यांनी बोटं नाकाशी नेली.

"हिल्का."

"काय?"

"हे लोणी आहे."

"खारं आहे," सासूबाई म्हणाल्या. "बिनमिठाचं दुकानात नव्हतं."

"तू माझ्या परातीत धिरडी भाजलीस?"

"मग कशात भाजू? व्हॅनमधल्या त्या बशीत? माझा तवा कुठे आहे, ओर्वो?"

ओर्वोंनी नाकातलं पाणी पुसलं. "लाकडांच्या कोठीमागे."

"गंजेल तिथे."

"पालथा घातलाय."

"आठवडाभर वाट बघतेय. आता विचारेल, मग विचारेल, एवढी मोठी धिरडी कशावर होतात म्हणून."

"विचारलं असतं तर तू तवा कुठाय म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

साइलाने कपाळाला हात लावला. "अगं आई, लोण्याने सोनं तरंगतं. पहिला नियम होता बाबाचा."

"पहिला का?" सासूबाई म्हणाल्या. "मी दुसऱ्यापासून ऐकायचे. पहिल्याच्या वेळी टाके मोजायचे."

खड्डा पाण्याखाली गेला होता आणि दुसऱ्या सकाळी आम्हाला निघायचं होतं. म्हणजे मोहीम संपली होती. ओर्वोंनी खिशातून बाटली काढली. ती फुटली नव्हती. बूचही शाबूत होतं. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "ऑगस्टमध्ये काय सांगू गं तुला?"

पाऊस ओसरताच सासूबाईंनी विस्तव पेटवला, परात ठेवली आणि लोणी सोडलं. या वेळी आडोसा नव्हता. ओर्वो घोंगडी पांघरून त्यांच्या शेजारी बसले आणि पीठ ढवळू लागले. पहिलं धिरडं उलटलं, आणि सासूबाईंचा हात थांबला.

"चष्मा दे."

धिरड्याच्या भाजलेल्या पाठीवर, कडेजवळ, तीन कण चमकत होते. पिवळे. कोंड्याएवढे. शेवटच्या त्या परातीतले, लोण्याला चिकटून राहिलेले.

ओर्वो धिरड्यावर वाकले. "हलवू नकोस. हे जाळू. राख धुऊ. कण बाटलीत येतील."

"म्हणजे आठवडाभर..." साइला म्हणाली आणि हळूहळू माझ्याकडे वळली. "आईची अंगठी याच्या पोटात आहे."

सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

"चिमटा आणा," ओर्वो मला म्हणाले. "पेटीत आहे, वरच्या कप्प्यात."

मी चिमटा घेऊन आलो तेव्हा सासूबाई धिरड्यावर मुरांबा पसरत होत्या.

"हिल्का, काय करतेस?"

"हे माझं सोनं ना?"

"तुझंच."

"तू स्वतःच्या हाताने धुतलेलं?"

"हो, पण..."

"मग गार कशाला करायचं?" त्यांनी धिरड्याची गुंडाळी केली आणि तांब्याच्या अंगठीच्या हाताने तोंडात घातली. सावकाश चावून खाल्लं. तीन घासांत संपवलं. ओर्वो उघडी बाटली हातात धरून बघत राहिले.

"कसं होतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खडा लागला दाताखाली," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले. धूर बराच होता.

ओर्वोंनी बाटलीला बूच लावलं, ती खिशात ठेवली आणि पळीभर पीठ परातीत ओतलं.

"पुढच्या वर्षी तवा घेऊ," ते म्हणाले.

"आणि वजन?"

ओर्वोंनी माझ्याकडे पाहिलं, मनातल्या मनात मला काट्यावर चढवलं आणि समाधानाने मान हलवली.

"जावईबुवांना घरी ठेवू."