खिडकीतल्या तारखा

साडेतीन फुटी जिन्याच्या वळणावर कपाट आडवे अडकले होते. ते एकट्याने पेलणाऱ्या कृष्णातने जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतून बाहेर पडणाऱ्या तेजस्वीला हाक मारली.

"ओ मॅडम, जरा हात लावताय काय?"

"अनोळखी बाईला कपाट उचलायला लावता?"

"आमच्या आजऱ्यात हाक बी मारायला लागत न्हाय. कपाट निघालं की गल्ली गोळा हुत्या. हितं अठरा दारं हायत, एक उघडंना!"

ती हसत जिना चढली... आणि कपाट कुठले ते कळताच पायरीवरच थांबली. कपाट दुसऱ्या मजल्यावरचे होते. तिथे एकटे राहणारे आकाराम, म्हणजे कृष्णातचे वडील, महिन्यापूर्वी खिडकीतल्या खुर्चीत बसल्या जागी गेले होते. दाराशी दुधाच्या पिशव्या साचल्या, तेव्हा कुठे गुरुवारी दार उघडले गेले.

घर रिकामे करायला कृष्णात दर रविवारी येऊ लागला. श्रावणसरींत भिजून तो आला की तेजस्वीकडे चहा ठरलेला. सामान संपत आले, तसा तो एकेक वस्तू नेऊ लागला.

"आज काय?"

"झारा."

"एका झाऱ्यासाठी आजऱ्याहून?"

"...जड हाय झारा."

तेजस्वी रोज सायंकाळी समोरच्या इमारतीचे चित्र रंगवीत असे. खिडकीखिडकीत दिवा, माणूस. पण कोणाचीच नजर शेजाऱ्याकडे नाही. एका रविवारी कृष्णातने ते पाहिले आणि चित्रातल्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी तो जागीच थबकला.

"ह्ये आबा! असा फोटो सुदीक न्हाय माझ्याकडं. देताय मला?"

रंगवायच्या प्रत्येक बैठकीची तारीख आणि वार कॅनव्हासमागे पेन्सिलीने लिहायची तिची सवय. आकाराम सोमवारी गेले, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. चित्रामागे मंगळवार होता, बुधवारही होता.

कागदात गुंडाळते, असे सांगून ती चित्र आत घेऊन गेली. दोन ओळी खोडल्या की पुढचे सगळे रविवार तिचे होते. तिने रबर उचलले, टेकवले... आणि खाली ठेवले. बाहेर येऊन तिने चित्र उलटे करून त्याच्यापुढे धरले.

"वाचा."

"सोमवार... मंगळवार... बुधवार—"

"मी बघत होते. दिवा चालू होता, ते हलत नव्हते... मला बरंच वाटलं. खांदा नीट साधला."

"हाक मारायची हुती की!"

"काय म्हणून मारू? दोन वर्षं समोर राहून नाव ठाऊक नव्हतं मला."

तो खिडकीशी गेला. समोर आबांची रिकामी खिडकी होती.

"म्या बी धा दिवस फोन केला न्हवता," तो पाठमोराच म्हणाला. "मला तर नाव ठाऊक हुतं."

"मी दिसले की आता तुम्हाला आबाच दिसतील, कृष्णात."

"व्हय, दिसतील." त्याने न वळताच मागे, तिच्याकडे हात केला. "एकट्यानं बघायला नको वाटतंय, तेजस्वी..."