जिभेवरची वाळू

वेल हवी होती, आणि तीही त्या सुळक्याखालच्या रानातलीच! बागेत लावलेल्या वेलीनं प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या रक्तातली साखर तसूभर हलली नव्हती. रानातल्या मूठभर पानांनी मात्र ती झपाट्यानं उतरवली होती. मधुमेहानं आईचा पाय घेतला, आता तोच दादाच्या मागे लागला होता. म्हणून चिमी निघाली. पानांतून औषध शोधणारी मोठी रसायनतज्ज्ञ, पण घरात चिमीच! "तू एकटी जाणार? डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणत दादाही सोबत निघाला. वाट दाखवायला होता दोरखंड. खांद्यावरचा दोर झोपेतही उतरवायचा नाही, म्हणून हे नाव.

पानाची पारख सोपी. पान चावायचं, मग जिभेवर साखर टाकायची. गोडी गायब होऊन वाळू चघळल्यासारखं वाटलं, की पान खरं.

पोतं भरलं, आणि करवंदीच्या जाळीतून रानडुक्कर सुटलं! दोरखंड आडवा आला. सुळ्यानं मांडी फाडली, रक्ताची चिळकांडी उडाली. दादानं कोयता घातला. एक घाव! दुसरा! तिसऱ्याला डुक्कर किंचाळत दरीत कोसळलं.

चिमीनं बाही फाडून दोरखंडाची मांडी करकचून बांधली. वळून पाहते तो काय! दादा तिच्यावरच कोयता उगारून उभा! अंग घामानं निथळतंय, हात लटलटतायत, नजर भलतीकडेच.

"माझी पानं चोरतेस?"

"दादा, अरे मी!"

वार आला. ती खाली बसली आणि पातं मागच्या खोडात रुतलं. कोयता सोडून त्यानं तिचा गळा धरला.

"रक्त बघून बिथरला हा! दगड घालू का?" दोरखंड ओरडला.

"खबरदार!" ती घुसमटत म्हणाली. दादाच्या ओठांतून हिरवी लाळ गळत होती. पानं! शहाण्यानं सकाळपासून चोरून पानं चघळली होती, वर रोजच्या गोळ्या, आणि पोटात अन्नाचा कण नाही! साखर पार रसातळाला गेली होती.

"बांध त्याला! साखर घटलीय!"

दोराचा फास पडला. दादा धाडकन आपटला. चिमी छातीवर बसली, पारखीसाठी आणलेली साखर तिनं त्याच्या तोंडात कोंबली. तो थुंकला.

"वाळू चारतेस मला?" आणि तिच्या बोटाचा कडकडून चावा घेतला.

"वाळू तर वाळू! गिळ!" आयुष्यात पहिल्यांदा तिनं थोरल्या भावाच्या थोबाडीत हाणली. पुन्हा साखर. पुन्हा. डबा संपला, तेव्हा कुठे त्याचे हात सैल पडले.

दोरखंडाला चालता येईना, दादाचे पाय लटपटत होते. आधार देणारी ती एकटी.

"पोतं घे," दादा पुटपुटला. "त्याच्यासाठीच आलो ना आपण?"

"मी तुझ्यासाठी आले होते, गाढवा!" पोतं तिथंच राहिलं. पान खरं होतं, पण किती खरं, हे आज तिच्या गळ्याला कळलं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी पोहोचल्यावर दादानं ओठांना चिकटलेले दाणे चाटले आणि थबकला.

"चिमे, गोड लागतंय गं."

इतका वेळ दातांवर दात आवळून चालणारी चिमी तिथंच मटकन बसली आणि हमसून हमसून रडली.