दुसऱ्या कडव्यापासून

घशाच्या गोळ्या विकत घ्यायच्या होत्या, म्हणून त्या रविवारी मी घरून जरा लवकर निघालो. मुलीने दारातच अडवलं.

"बाबा, मफलर. आणि दातांच्या डॉक्टरांशी भांडू नका हं."

"मी भांडत नाही. मी त्याला मोजत नाही."

"तेच ते!"

चाळीस वर्षं मी आमच्या चर्चमध्ये गीतं लावून देत आलो. मी विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवायचो, पण हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. "गीत लावून द्यायचं आणि निघून जायचं," असं ते म्हणत. म्हणजे पहिली ओळ भरल्या आवाजात घ्यायची, मंडळींनी ती उचलली की आपला आवाज कमी कमी करत जायचा. हातवारे करायचे नाहीत. लोकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. लोक प्रार्थनेला येतात, आपल्याला बघायला येत नाहीत. हे मला खरंच जमलं की उगाच तसं वाटत राहिलं, याची खात्री मला आजही नाही.

हल्ली आमच्या चर्चमध्ये गाऊ लागलेल्या त्या दातांच्या डॉक्टरला मात्र स्वतःबद्दल पुरती खात्री होती. डोळे मिटून, मान वाकडी करून, एक हात छताकडे नेऊन तो असा गायचा, की जणू देवाचीच अक्कलदाढ उपटायची आहे. सरळ सुराला तो चार वेलांट्या द्यायचा. मंडळी पुस्तक सोडून त्याच्या चकाकत्या बटणांकडे बघत बसायची. असल्या माणसाचं गाणं पाळकसाहेबांना 'ताजं' वाटत होतं!

"सर, आज पहिलं गीत डॉक्टर घेतील, शेवटचं तुम्ही," पाळकसाहेब दारातच म्हणाले. "मग कायमचं कुणी घ्यायचं ते ठरवू."

मी मान डोलावली. बायको गेली, विद्यापीठ सुटलं. माझ्या पहिल्या सुरासाठी कुणी थांबेल अशी जगात ही एकच जागा उरली होती.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. आत दिव्यांचा उजेड पिवळट, मळकट पडला होता. ओल्या लोकरीचा आणि मेणाचा वास येत होता. डॉक्टरने पहिलं गीत नेहमीसारखंच नासवलं आणि तो बाजूच्या बाकावर, मंडळींकडे तोंड करून बसला. शेवटी मी उठलो. पहिली ओळ घेतली. मंडळींनी ती उचलली. मी आवाज उतरवत गेलो, आणि दुसऱ्या कडव्याला ओठच मिटून घेतले. इतकं मी कधी करत नसे. तो निव्वळ माज होता. बघ लेका, म्हटलं, याला म्हणतात निघून जाणं.

गाणं उलट चढलं. आमची मंडळी तिसऱ्या कडव्यात हमखास उतरते; निवृत्त पोस्टमास्तर तर सदैव अर्धी मात्रा मागे असतात. त्या दिवशी कुणी उतरलं नाही, कुणी मागे राहिलं नाही. कुणी खोकलंही नाही. दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतल्याचा आवाज येतो ना, तोसुद्धा नव्हता. माझ्या कानांना हे कळलं होतं. पण मी घड्याळाकडे बघत फुगत राहिलो. मानेवर गार झुळूक आली, तेव्हा मफलर तेवढा सारखा केला.

"ठरलं, सर," पाळकसाहेब नंतर म्हणाले. "तुम्हीच."

पुस्तकं ठेवायच्या खोलीत डॉक्टर माझ्या मागोमाग आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर... तुम्ही लोकांकडे बघत नाही ना गाताना?"

"नाही. मला टाळ्या नको असतात."

टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला. "माझा धंदाच तोंडं बघण्याचा. सवय जात नाही... सर, दुसऱ्या कडव्यापासून सगळ्यांची तोंडं मिटलेली होती."

"सगळ्यांची?"

"एकूण एक. माना पुस्तकात. प्रत्येकाला वाटत असणार, शेजारचा गातोय. ऑर्गनवाल्या बाईंचे हात मांडीवर होते, आणि ऑर्गन वाजतच होता..."

"हरलात म्हणून आता हे का?"

"राहू द्या तुमची जागा तुम्हाला," तो कुजबुजला. "फक्त पुढच्या वेळी निघून जाऊ नका. तुम्ही जागा रिकामी केलीत... म्हणून ते आलं."

मी हसलो. मूर्ख, म्हटलं. घरी येईपर्यंत तीनदा म्हटलं.

पण पुढच्या रविवारपासून मी शेवटच्या ओळीपर्यंत गाऊ लागलो. भरल्या आवाजात. नंतर तर ओरडून. सांगायला लाज वाटते, पण मी हातही वर करतो, त्या दातवाल्यासारखा, कुणी तरी बघावं म्हणून. कुणी बघत नाही. घड्याळावरून नजर खाली आणायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

परवाच्या रविवारी गीत संपलं, तेव्हा माझ्या तोंडाला रक्ताची चव आली होती. पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरले होते.

"काय साधना आहे, सर!" ते म्हणाले. "पहिल्या ओळीनंतर तुमचा आवाज हल्ली ऐकूच येत नाही."