मागे टाकलेले दाणे

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं आणि कंडक्टर दारात उभा राहून नगर, नगर म्हणून ओरडत होता. सुकन्याला दोन्ही चालणार होतं. तिला एवढंच हवं होतं, की या गावात आपल्याला कोणी ओळखू नये आणि आपणही कोणाला ओळखत नसावं.

चिपळूणच्या बाजारपेठेत तिची रक्त-लघवी तपासायची लॅब. बाई पन्नाशी ओलांडलेली, पण केस काळेभोर, फक्त डाव्या कानावर एक पांढरीशुभ्र बट. जन्मापासूनची. तिच्या आईलाही नेमकी तिथंच होती, त्यामुळे लहानपणी बाजारात चुकली तरी कोणीही तिला बरोबर घरी आणून सोडायचं. बटेचा तिला अभिमान होता. आईकडून आलेलं आणखी काही आपल्याकडे निघू नये, याची मात्र तिला धास्ती होती.

कारण आईला याच वयात सुरू झालं. शिर्डीला भजनी मंडळाबरोबर जाऊन आली, आणि पुढच्या शिमग्यापर्यंत आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग शेजारणीचं नाव गेलं, मग स्वतःच्या घराचं दार. शेवटी शेवटी तर दिवेलागणीला अंथरुणात उठून बसायची, पदर सावरायची आणि म्हणायची, "दाणे मागे टाकायचे राहिले गं." कुठले दाणे, कोणाचे, काही सांगता यायचं नाही. सुकन्या तिला थोपटून निजवायची. हे दाण्यांचं तिने कधी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. आजारी माणसाची बडबड चव्हाट्यावर कशाला मांडायची?

आणि गेल्या महिन्यात सुकन्याने एकाच्या रक्ताच्या नळीवर दुसऱ्याचं नाव चिकटवलं. हाताखालच्या मोनिकाच्या ते वेळीच लक्षात आलं, तिने गुपचूप निस्तरलं. पण सुकन्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्याच्या रक्ताचा निकाल लावणाऱ्या बाईने स्वतःचा कधी लावायचा? तिने मनाशी ठरवलं. अनोळखी गावात चार दिवस एकटीने राहायचं. मोबाईलमधला नकाशा उघडायचा नाही. वाटा लक्षात राहिल्या तर लॅब आपली. हरवलो, तर परत जाऊन किल्ल्या मोनिकाच्या हातावर ठेवायच्या आणि डॉक्टरकडे जायचं. नवऱ्याला, सुनीलला, तिने एवढंच सांगितलं की जरा फिरून येते. सुनील म्हणाला, ये, आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

खरं सांगायचं तर गाव तिला पहिल्या दिवशीच आवडलं. कोकणातल्या माणसाला कोरड्या हवेचं भारी अप्रूप. सकाळी पिळून टाकलेला टॉवेल वेणी घालून होईपर्यंत पापडासारखा कडक. माळीवाड्याजवळच्या लॉजवर खोली स्वच्छ होती, समोर कडुनिंब होता. भुईकोट किल्ल्याचा खंदक तिने अख्खा फेरी मारून पाहिला. लोक ज्याला चांदबीबीचा महाल म्हणतात ती सलाबतखानाची कबर आहे, हेही डोंगरावर चढून वाचून आली. वरून सगळं गाव दिसत होतं, वारा इतका की पदर हातात धरून बसावं लागलं. खाली येऊन हुलग्याची शेंगोळी खाल्ली, तिखटाने नाक वाहिलं, तरी आणखी एक वाटी मागितली. कापडबाजारातून लॉजवर ती वाट न चुकता आली. दाळमंडईतून आली. मुद्दाम उलट्या गल्लीने शिरली, तरीही आली. खोलीत येऊन पंख्याखाली पडली तेव्हा तिला अगदी लग्नाआधीसारखं हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या टपरीवर चहावाल्याने तिच्यापुढे कप ठेवला आणि म्हणाला, "बिनसाखरेचा. तुमचा येगळा काढलाय."

सुकन्या गेली कित्येक वर्षं बिनसाखरेचाच घेत होती. पण हे त्याला सांगायला तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. काल कोणी गिऱ्हाईक आपल्यासारखं आलं असेल, असं म्हणून तिने चहा घेतला. चहा चांगला होता.

मग विशाल गणपतीच्या देवळापाशी दूर्वा विकणारी दगडाबाई. तिचं नाव शेजारच्या फुलवाल्याने हाक मारली म्हणून कळलं. दगडाबाईने दूर्वांची जुडी पुढे केली आणि तिच्या कानाकडे बघून हसली.

"लई दिसांनी दिसलात बाई. केशरबाईकडंच उतरलात न्हवं?"

"मावशी, मी पहिल्यांदाच आलेय नगरला."

"व्हय का," दगडाबाई म्हणाली, आणि वाद घालायचा नसतो अशा सुरात, "या मग दर्शन घेऊन."

देवळात सुकन्याचे हात जोडलेले होते पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाहेर आली तर रिक्षावाला हनुमंत, खाकी शर्टावर नाव शिवलेलं, रिक्षा पुढे घेऊन म्हणाला, "बसा. भिंगारला ना, केशरआजीकडं?" ती मागे वळली आणि भराभर चालत लॉजवर आली. आणि वाटेत कुठे वळायचं ते तिला पटकन आठवेना. आठवलं, पण जरा उभं राहावं लागलं.

खोलीत पाणी पिऊन तिने सुनीलला फोन लावला.

"मी नगरला याआधी कधी आले होते का रे?"

"तू? तू घाट चढून पुण्याच्या पलीकडे गेली होतीस कधी? का गं?"

"नीट आठवून सांग. खोटं नको बोलूस. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको."

सुनीलला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेला तर आधी खोकतो. तो खोकला नाही. "नाही आलीस," तो म्हणाला. "बत्तीस वर्षांत एक रात्र तू कुठे होतीस हे मला ठाऊक नाही असं झालेलं नाही. काय झालंय?"

"काही नाही. इथे माझ्यासारखी दिसणारी कोणीतरी आहे," सुकन्या म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला ते पटलं. चेहऱ्यासारखे चेहरे असतात. बटेसारख्या बटाही असतील. एका रिपोर्टवर निकाल द्यायचा नसतो, सॅम्पल परत घ्यायचं असतं. दुपारचं जेवण उरकून ती स्टँडवर आली. हनुमंत तिथेच होता. तिने पत्ता सांगितला नाही, त्याने विचारला नाही.

गावाला लागूनच असलेल्या भिंगारमधलं घर साधं होतं. स्लॅबची बैठी दोन-तीन खोल्यांची इमारत, दाराशी तुळस, अंगणात वाळत घातलेल्या कुरडया, भिंतीला टेकवलेली मोटरसायकल. भूत पाहायला आलेल्या माणसाची निराशाच व्हावी असं. ओट्यावर सत्तरी उलटलेली म्हातारी शेंगा फोडत होती. तिने वर पाहिलं आणि मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

"आलात. दीपा, पानी आन गं, गूळ आन. उन्हाच्या आल्यात."

ही केशरबाई. आतून तिची सून आली, दीपा, तिशीतली, गाऊनवर ओढणी घेतलेली. गूळपाणी ठेवून ती सासूच्या मागे उभी राहिली. सुकन्याने गुळाचा खडा तोंडात टाकला. तहान लागली होती, बरं वाटलं.

"आजी, मी तुम्हाला ओळखत नाही," ती म्हणाली. "लोकांची काहीतरी गफलत होतेय, तेवढंच सांगायला आलेय."

"दर खेपेला असंच म्हनता." केशरबाई हसली, दात नव्हते, हसणं मात्र गोड. "परीक्षा घ्यायला आलाय ना सोताची? सगळ्या वाटा ध्यानात ऱ्हातात का ते बघायला?"

सुकन्याने तांब्या खाली ठेवला. हे तर तिने सुनीललाही सांगितलं नव्हतं.

"कधीपासून येतेय मी?" तिने विचारलं. आवाज तिला स्वतःला ठीक वाटला.

"मी नवी नवरी हुते तवापास्नं. म्हंजी बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी. तवाबी अशाच हुता. ह्याच वयाच्या. ही बट इथंच."

सुकन्याला हसू फुटलं. बहात्तरच्या दुष्काळाआधी ती जन्मलीच नव्हती. म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे. जी माणसं विसरतात त्यांना झालेलं आठवत नाही. जे होणंच शक्य नाही ते आठवत नाही म्हणून कोणी आजारी ठरत नाही. निकाल निगेटिव्ह. तिच्या अंगावरून एवढं मोठं ओझं उतरलं की तिने आणखी एक गुळाचा खडा घेतला. म्हातारीचं वय झालंय बिचारीचं, तिच्या डोक्यात सगळ्या पाहुण्या एक झाल्या असतील. परीक्षेचं बोलली ते कुठेतरी लागलं असेल. काळोखात मारलेले दगडही लागतात कधीकधी. मग ती तासभर बसली. शेंगा फोडल्या, कोकणातल्या पावसाच्या गोष्टी सांगितल्या, दीपाच्या हातची थालीपीठं खाल्ली. कोणाच्या घरात इतकं निवांत तिला फार वर्षांत वाटलं नव्हतं.

निघताना दीपाने ओटी भरायला पाट मांडला. केशरबाईचा नवरा गेलेला, म्हणून ओटी सुनेने भरायची. सुकन्याने पदर पसरला. हिरवा खण, नारळ, हळकुंड, आणि ओंजळीओंजळीने गहू. चिपळूणला तांदळाने भरतात, इथे गव्हाने. पदर जड झाला.

ओटी भरली की त्यातले चिमूटभर दाणे परत ताटात टाकायचे, ही रीत सुकन्याला सांगायची गरज नव्हती. घर रितं होऊ नये म्हणून टाकतात, आपलं येणं राहावं म्हणून टाकतात. आजवर शेकडो वेळा तिने टाकले होते. आताही हात आपसूक पदरात गेला.

आणि थांबला. येणं कशाला राहायला हवं? दर खेपेला येते म्हणतात, ती बाई मी नव्हे. तिच्या नावाने मी कशाला टाकू? तिने पदर आवळून कमरेला खोचला.

दीपाने सासूकडे पाहिलं. अंगणात कुरडयांवर एक चिमणी उतरली, ती कोणी हाकलली नाही.

"दाने मागं टाका बाई," केशरबाई म्हणाली.

"राहू द्या. येते मी."

"एकडाव अशाच गेलता, न टाकता. शिर्डीची गाडी हिथं थांबलेली, घाईत हुता." म्हातारी रागावली नव्हती. तिला वाईट वाटत होतं. "मग लई तरास झाला तुमास्नी. रोज सांजच्याला आमाला हाक ऐकू यायची. तुमचीच."

सुकन्याला विचारायचं नव्हतं. "काय म्हणायची?"

"दाने मागं टाकायचे राहिले गं."

सूर तोच होता. शेवटच्या 'गं'वर जरा थकलेला.

सुकन्याने पदर सोडला. गहू पाटावर सांडले. तिने मूठ भरली. चिमूट नाही, मूठ.

दाणे ताटात पडले.

केशरबाईने ताट कपाळाला लावलं. "झालं," ती म्हणाली. "आता सुखानं जावा."

आणि खरंच सुख वाटलं. लॉजवर जाऊन ती लहान मुलीसारखी गाढ झोपली. सकाळी सामान घेऊन टपरीवर आली, तर चहावाल्याने तिच्याकडे कोरं पाहिलं, विचारलं, "कुठून आलात बाई? पहिल्यांदाच का नगरला?" आणि साखरेचा चहा दिला. तिने तो आवडीने प्यायला. देवळापाशी दगडाबाई दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत होती, तिने सुकन्याला ओळख दाखवली नाही. बस सुटली तेव्हा हनुमंतची रिक्षा शेजारून भिंगारच्या दिशेला गेली. मागे कोणी बाई बसली होती, तिचा पदर वाऱ्याने उडत होता आणि डाव्या कानावर काहीतरी पांढरं होतं, फूल असावं.

चिपळूणला उतरल्या उतरल्या तिने मोनिकाला फोन केला. उद्यापासून मी आहे, सकाळची सॅम्पलं माझ्यासाठी ठेव, म्हणाली. मोनिकाचा आवाज आनंदला. घरापर्यंतची वाट सुकन्या जवळजवळ गुणगुणत चालली. वाटेतल्या दुकानांची नावं, दुकानदारांची नावं, त्यांच्या बायकांची नावं, सगळं जिथल्या तिथे होतं. नवी-जुनी सगळी आठवण शाबूत. आई, मी सुटले, ती मनात म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सुनीलने बॅग घेतली. ओटीचे गहू तिने डब्यात ओतले, चहा टाकला, दोघांचे कप घेऊन ओट्यावर आली. उन्हं उतरली होती, समोरच्या माडावर कावळे बसत होते.

"काय गं," सुनील तिच्याकडे बघत म्हणाला, "नगरला जाऊन केस रंगवून आलीस?"

"नाही. का?"

त्याने डोळ्यांवर चष्मा चढवला, जरा पुढे वाकला आणि तिच्या डाव्या कानावरचे केस बोटाने मागे सारले.

"मग तुझी बट कुठे गेली?"

सुकन्याने आपल्या कपात दुसरा चमचा साखर घातली, सावकाश ढवळली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो कशाबद्दल विचारतोय हे तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"कुठली बट?" ती म्हणाली.