नुसती फडफडलेली लाईट

सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, की माणसानं खिडकीबाहेर बघावं. बाहेर संत्र्याचे बगीचे, थंडीतलं कोवळं ऊन... बघण्यासारखं पुष्कळ होतं. पण शेजारच्या मुलानं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि प्रणालीची नजर तिकडे वळली. दुसऱ्याच्या पडद्यात डोकावू नये, हे ती आपल्या क्लासमधल्या मुलींना रोज सांगते. तरी डोकावली.

पडद्यावर तिनं स्वतःच लिहिलेलं होतं. तिचं इंग्रजी, तिच्या चुका, पुन्हापुन्हा वाचून पाठवलेली तिची तक्रार, सोबत तिनंच सुचवलेली दुरुस्ती. आणि खाली तो मुलगा लिहीत होता — ही अडचण आमच्याकडे दिसली नाही, सबब तक्रार बंद करतो आहे. त्याचं बोट शेवटच्या बटणाकडे निघालं.

"बंद नका करू," प्रणाली म्हणाली.

त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"ते माझं आहे," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

आता 'ते' म्हणजे काय, हे सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटा प्रोग्राम असतो. बॅटरी किती उरली, चार्जर लागला की निघाला, मशीननं कधी झोपावं, कधी उठावं, हे सगळं तोच बघतो. घरातल्या मोठ्या सुनेसारखा — कोणाला दिसत नाही, चुकला तरच आठवतो. असा एक प्रोग्राम जगभरचे लोक मिळून फुकट लिहितात. कोणीही आत डोकावावं, चूक दाखवावी, जमलं तर दुरुस्त करून पाठवावी. ती दुरुस्ती आत घ्यायची की नाही, हे ठरवणारे मोजकेच. त्यांतला एक हा, गौतम. रेल्वेतून रिटायर झालेल्या वडिलांजवळ राहायचं म्हणून पुण्याची खोली सोडून आलेला आणि आता पांढुर्ण्यातून घरबसल्या नोकरी करणारा.

गेले काही महिने दोघं एकमेकांशी लेखी भांडत होते. ती 'बोरगाव' या नावानं लिहायची. तिच्या आईचं गाव ते, सौंसरजवळचं. ते इंग्रजीत वाचून गौतमला वाटायचं, हे कुण्या युरोपातल्या दाढीवाल्याचं आडनाव असणार. तसं त्यानं आता सांगूनही टाकलं.

"दाढी नाही मला," प्रणाली म्हणाली.

"दिसून राहिलं," तो म्हणाला, आणि लगेच लॅपटॉपच्या कडेवरची नसलेली धूळ पुसायला लागला.

मग तिनं सगळं सांगितलं. सौंसरला अलकाताईंच्या माडीवर ती मुलींना कॉम्प्युटर शिकवते. एका संस्थेनं दिलेले दहा जुने लॅपटॉप आहेत, बॅटऱ्या नावाला. लाईट क्षणभर फडफडली, की या प्रोग्रामला वाटतं, लाईट गेली. तो दहाही मशीन झोपवतो. आणि ती जुनी मशीन झोपली की उठताना पडदा काळाच. मुलींनी तासभर टाईप केलेलं सगळं पाण्यात. मुली कंटाळून गळायला लागल्या होत्या. अलकाताईंना ब्युटी पार्लरवाली जागा मागत होती आणि त्यांनी प्रणालीला होळीपर्यंत मुदत दिली होती. मशीन संस्थेची, त्यांत आपल्या हातानं काही घालायची परवानगी नाही. अधिकृत आवृत्तीतून येईल तेच चालणार. आणि नव्या आवृत्तीचं दार येत्या रविवारी बंद व्हायचं होतं. त्यानंतरची थेट पावसाळ्यात.

"पण माझ्याकडे होतच नाही हो," गौतम म्हणाला. "कितीदा बघितलं."

"घरी इन्व्हर्टर आहे?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मोठा?"

"बाबांनी दोन बॅटऱ्यांचा लावला..."

"मग तुमच्याकडे लाईट फडफडते हे तुम्हाला कोण सांगणार? पांढुर्ण्यात राहून असं लिहिता तुम्ही, की लाईट एक तर असते, नाही तर नसते. तिसरं काही तुम्ही पाहिलंच नाही कधी?"

पाहिलं होतं. लहानपणी त्याच लाईटीत अभ्यास केला होता. विसरला होता, एवढंच. त्यानं लिहिलेलं खोडलं आणि म्हणाला की स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो दुरुस्तीवर सही करत नाही... तर उद्या सौंसरला येऊ का?

तो आला. आणि लाईट अशी लख्ख, की बघत राहावं. झालं असं होतं की क्लाससमोरच्या खांबावरची तार ढिली होती, वारा आला की लाईट फडफडायची. प्रणालीनं तक्रारी करून करून आशा सोडली होती. नेमका त्याच सकाळी लाईनमन गुणवंताभाऊ शिडी घेऊन आला आणि तार घट्ट करून गेला. वर चहाही पिऊन गेला.

दोघं दिवसभर चार्जरच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसले. दिवा पापणीही लववेना. मधूनमधून दोघांची नजर दिव्यावरून सुटायची आणि भलतीकडेच पडायची... मग पुन्हा दिवा. अलकाताई दोनदा वर येऊन गेल्या. हे सर कोण, हे त्यांनी विचारलं नाही, पण दुसऱ्यांदा येताना चिवडा आणला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गौतमनं येताना पांढुर्ण्याहून गरम समोसे आणले. बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, शोधायला समोसे लागतात हे प्रणालीला माहीत नव्हतं. तिनं दोन खाल्ले.

शनिवार उजाडला. आता मात्र एकच दिवस उरला. शेवटी तिनंच लॅपटॉप उचलला, चला म्हणाली, आणि त्याला गल्लीच्या टोकाला मोतीरामजींच्या चक्कीवर घेऊन गेली. तिकडची लाईट दुसऱ्या डीपीवरून, म्हणजे वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरून येते, आणि चक्कीची मोटर सुरू झाली की तिथला बल्ब पिवळा पडतो, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे.

मोतीरामजींनी दोघांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "दळण नाही तं इथं बसून काय करता?"

दळणाशिवाय चक्कीवर बसायची रीत नाही. गौतम पळत जाऊन किराण्यातून पाच किलो गहू घेऊन आला. जगभरचे लोक ज्याच्या सहीची वाट बघतात, तो गव्हाची पिशवी हातात धरून रांगेत उभा राहिला आणि प्रणालीला हसू आवरेना.

मोटर सुरू झाली. बल्ब पिवळा पडला, चार्जरचा दिवा लुकलुकला आणि लॅपटॉपचा पडदा काळा.

"झोपलं," गौतम इतक्या हळू म्हणाला, जसं काही पाळण्यातलं बाळ होतं.

मशीनची बॅटरी काढून पुन्हा सुरू केलं, आतल्या नोंदी उघडल्या. निघाला, लागला, निघाला, लागला — चार्जरची सगळी धांदल एका श्वासात झालेली. प्रोग्रामनं पहिलं 'निघाला' ऐकलं आणि पुढचं ऐकायला थांबलाच नाही. प्रणालीनं पाठवलेली दुरुस्ती एवढीच होती — थोडं थांब, मग ठरव.

हवेत गरम पिठाचा वास. त्याच्या भुवया पांढऱ्या, तिच्या वेणीवर पिठाची भुकटी.

"ही चक्की आधी नाही आठवली तुम्हाला?" त्यानं विचारलं.

प्रणालीनं वेणीवरचं पीठ झटकलं. "...आठवली होती."

"कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा आले तेव्हाच."

मोटरचा आवाज बरा, अशा वेळी. मग तोही म्हणाला, खाली बघत — या तीन दिवसांत चार्जर हातानं भराभर काढून-लावून घरीही बघता आलं असतं त्याला. बघितलं नाही.

"कायले?"

"बग घरीच दिसला असता तर?"

आपण दोघांनी मिळून मुलींचा क्लास पणाला लावला, हे तिला तेव्हा उमगलं. तिनं पदराशी नाही, ओढणीशी चाळा केला आणि मग एकदम मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, की चला, आधी काम.

मग भांडण झालं. किती थांबायचं? ती म्हणाली, पाच सेकंद. तो म्हणाला, एवढं थांबलं आणि लाईट खरंच गेली असेल, तर जुनी बॅटरी तोवर टिकायची नाही, मशीन मरेल.

"गेली तर कळतेच," ती म्हणाली. "पण नुसती फडफडली म्हणून गेली समजायचं, हे काही बरं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. बल्ब पुन्हा पिवळा पडला, पुन्हा पेटला. मोतीरामजींनी मोटर चार वेळा बंद-सुरू करून दिली, कुरकुरत, पण करून दिली. तीन सेकंदांवर दोघांचं जमलं. तिथंच, गव्हाच्या पोत्यावर बसून गौतमनं सही केली. रविवारचं दार बंद व्हायच्या आत दुरुस्ती आत गेली.

आता त्याला सौंसरला यायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी तो येत होता. नवी आवृत्ती संस्थेच्या मशीनवर पोचली का, हे बघायला. हे पांढुर्ण्यातून फोनवर विचारता येतं, पण तिनं ते त्याला सुचवलं नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आवृत्ती पोचली. त्याच दुपारी वारा सुटला. गुणवंताभाऊनं घट्ट केलेली तार तोवर पुन्हा ढिली झाली होती. पंखा अडखळला, ट्यूबलाईट डोळे मिचकावायला लागली. गौतम दाराजवळ उभा राहून पडदे मोजायला लागला.

दहा पडदे जरा मंद झाले... आणि पुन्हा उजळले. एकही काळा झाला नाही. चंचल नावाची मुलगी अर्ज टाईप करत होती, ती टाईप करतच राहिली. कोणी मान वर केली नाही. अलकाताई जिन्यातून आल्या, पंख्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि पार्लरवालीला नाही म्हणून कळवते, एवढं बोलून खाली गेल्या. काय टळलं, हे त्या खोलीत फक्त दोघांना कळलं होतं.

गौतम तिच्या टेबलाशी आला. खालच्या आवाजात म्हणाला, "आता बग नाही राहिला, प्रणाली. आवृत्तीही आली. आता मी... फक्त तुमच्यासाठी आलो तर चालेल?"

लाईट पुन्हा फडफडली. ती थांबली, तीन सेकंद तरी.

"येऊन तं राहिले तुम्ही," ती म्हणाली, आणि या वेळी नजर वळवली नाही. "मग विचारून कायले राहिले?"