पाय टेकवू नकोस

“हलू नकोस!”

माझ्या खुर्चीमागच्याच दारातून आत येणारा तेविता जिथल्या तिथे थांबला. एक पाय जमिनीवर, दुसरा हवेत. ब्रिस्बेनच्या कचराकुंड्यांवर आयबिस पक्षी उभे असतात ना, अगदी तसा.

मला वळता येत नव्हतं; तो मॉनिटरच्या काचेत दिसत होता. माझी काचेची सुई फळमाशीच्या मेंदूतल्या एका पेशीला चिकटली होती. टेबल जरा थरथरलं असतं, तरी पेशी सुटली असती.

स्पीकरमधून तिची धडपड ऐकू येत होती. टक-टक-टक.

या माशीच्या पेशीतलं पोटॅशियम बाहेर सोडणारं दार जन्मतःच मोडकं. म्हणून पेशी गप्प बसत नाही आणि माशी झोपत नाही. दुसरं दार उघडणारं औषध मी नुकतंच सोडलं होतं. टकटक थांबली तर माझी पीएचडी. पेशी सुटली तर... या जातीची ही शेवटची माशी होती.

“श्वास घेऊ?” तो कुजबुजला.

“गरज असेल तरच.”

मागे एकदा दुसऱ्या लॅबमधला तो मजला चुकून इथे शिरला होता आणि ओशाळून वाटीभर यीस्ट मागून गेला होता. तेव्हापासून येतच होता.

“पुन्हा यीस्ट? तुमच्या माशा खातात तरी किती?”

“इमोजेन... आमच्या लॅबमध्ये माशा नाहीत. मासे आहेत.”

टक. टक.

“मग यीस्ट?”

“आई पाव करते. घरात पाव ठेवायला जागा उरली नाही. म्हणते, त्या मुलीलाच आण एकदाची.”

मी हात मांडीखाली दाबून धरले.

“रविवारी, चर्चनंतर. अळूच्या पानात मटण, नारळाच्या दुधातलं... येशील?”

“हे आत्ता विचारतोयस?”

“आत्ता तू पळू शकत नाहीस.”

टक... टक...

“पायाला मुंग्या आल्यात गं.”

“इथे फक्त माशांना परवानगी आहे.”

“पडतोय मी—”

“थांब! प्लीज!”

टक...

मग काहीच नाही. पडद्यावर सपाट रेघ. पेशी निजली होती.

मी फाइल सेव्ह केली. तिची प्रतही केली. प्रेमात पडावं, पण बॅकअप घेऊन.

“टेकव पाय.”

“आधी उत्तर.”

आता जे टकटकत होतं, त्याला स्पीकर जोडलेला नव्हता.

“येईन. पण पाव खाणार नाही.”

त्याने पाय टेकवला. दुसरा मात्र केव्हाच बधिर झाला होता. तो थेट माझ्यावर कोसळला. सुई मोडली, पेशी गेली, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

“सॉरी, उठतो—”

“हलू नकोस,” मी म्हणाले.