आर. उमेशची पाच कार्डं

माझ्याकडे त्या माणसाची चार व्हिजिटिंग कार्डं होती आणि माणूस मी एकदाही पाहिला नव्हता.

पहिलं पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचं, तिरुचीच्या पत्त्याचं. दुसरं विम्याचं, मदुरैचं. तिसरं सोलरवाल्यांचं, आणि चौथं नागरकोविलच्या कुठल्याशा रंगाच्या कंपनीचं. चारही वेगवेगळ्या हातांतून माझ्यापर्यंत आलेली, पण नाव तेच, आर. उमेश, आणि मोबाइल नंबरही तोच. मी ती अल्बमच्या एका पानावर लावली होती आणि अधूनमधून त्या पानाकडे रागाने बघत असे. राग कसला, तर मी स्वतः कुंभकोणम सोडून तंजावरपलीकडे कधी गेले नव्हते, याचा!

मी चैत्रा. मुलांच्या डॉक्टर अलमेलूंच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. टोकन देते, नावं लिहिते, इंजेक्शनच्या आधी रडणाऱ्या पोरांशी खोटं बोलते. आणि कार्डं जमवते. आमच्या गावात कार्डावर पिल्लैयार, म्हणजे गणपती, नाहीतर लक्ष्मी छापल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही, आणि देव छापलेलं कार्ड केरात टाकायची कुणाची छाती नाही. मग लोक ते माझ्या टेबलावरच्या गणपतीच्या पायाशी ठेवून मोकळे होतात. आधी मी ती नुसती उचलून ठेवायची, मग मागायला लागले. लग्नाचे स्वयंपाकी, नादस्वरम वाजवणारे, बोअरवेलवाले, नावापुढे अर्धा डझन पदव्या लावणारे एक ज्योतिषी... सगळे माझ्याकडे आहेत. हल्ली लोक फोन पुढे करून ‘स्कॅन करा’ म्हणतात. मी म्हणते, स्कॅन तुमच्याजवळ राहू दे, मला कार्ड द्या.

दिवाळी होऊन गेली होती. आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस ठाण मांडून बसतो. दुपारी एक एम.आर. आत आला, औषध कंपनीचा माणूस. छत्री उलटी झालेली, एक बाही भिजलेली. बॅग पुसता पुसता त्याने कार्ड पुढे केलं.

“मॅडम, डॉक्टरांना भेटायचं होतं.”

मी कार्ड वाचलं. मग त्याच्याकडे बघितलं. मग परत कार्ड.

“इतके दिवस कुठे होतात?” मी विचारलं.

त्याने वळून मागे पाहिलं. मागे एक आजीबाई आणि तिचा शेंबडा नातू, एवढेच होते.

“मी...?”

मी अल्बम काढून ते पान त्याच्यासमोर उघडलं. तो वाकून बघत राहिला. त्याच्या केसांतलं पाणी प्लॅस्टिकवर टपकलं, आणि त्याने ते घाईघाईने रुमालाने टिपलं.

“हे रंगाचं तर माझ्याकडेही उरलं नाही,” तो म्हणाला. “परत देता का?”

“दिलेलं कार्ड परत मागत नाहीत.”

“मग हे नवीन ठेवा. फक्त इतक्यात चिकटवू नका.”

“का?”

“गोंद वाळायच्या आत नोकरी बदलली तर तुमची पंचाईत.”

हे सगळं बोलणं अर्थात तमिळमधलं. मराठी आमच्या घरातली भाषा, तंजावरच्या मराठे राजांच्या काळापासून इथे रुजलेली. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तमिळ, मग समोर कुणी का असेना.

तेवढ्यात अम्माचा फोन आला, जेवलीस का विचारायला.

“जेवलें गे,” मी आमच्या मराठीत म्हणाले. “ऐक, तो चार कार्डांचा माणूस आला अहे. बस म्हटलें तर बसत नाही. दाराकडे जातो, खिडकीकडे जातो... पायाला भिंगरी अहे त्याच्या. नाक मात्र बरं अहे.”

तो भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत पाठमोरा उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, गारठ्याने.

मग तो दर मंगळवारी यायला लागला. एम.आर. लोकांना डॉक्टर सगळे पेशंट संपल्यावर बोलावतात, त्यामुळे त्याला ताटकळावं लागे. ताटकळणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो खुर्चीच्या टोकावर टेकायचा, पाय हलवायचा, उठायचा, पंख्याचा वेग कमी करायचा, परत वाढवायचा. त्याला बघून मलाही स्वस्थ बसवेना. माझं फिरतं स्टूल उगाच इकडून तिकडे व्हायचं. सोमवार आला की मी पेनाचं टोपण काढत-घालत दिवस काढायची, आणि अम्माला फोनवर त्याची चहाडी सांगायची. एकदा सांगितलं, “आज पोपटी सदरा घातला अहे. कोणीं तरी सांगायला पाहिजे याला.” पोपटी सदरा त्यानंतर दिसला नाही. मी म्हटलं, फाटला असेल.

एका मंगळवारी त्याचा फोन वाजला. तो खिडकीकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, “जेवलों अम्मा. होय, पावसांत नाही भिजलों. सांजेला येतों, भात ठेव.”

माझ्या हातातली टोकनं खाली पडली. ती सगळी गोळा करून होईपर्यंत मी टेबलाखालून वर आले नाही. वर आले तेव्हा तो समोर उभा होता, शेवटचं टोकन हातात धरून.

“तुम्ही...” मी म्हणाले. “आमच्यांतले?”

“पट्टीश्वरमचे. रामलिंगरावांचा उमेश. कार्डावर ‘आर’ अहे तो बाबांचा.” आमच्याकडे बापाचं आद्याक्षर पुढे लागतं आणि आडनाव गळून जातं, मग कोण कुणातला ते कळायचं कसं?

“म्हणजे सगळं ऐकलांत?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि गप्प राहिलांत? लाज नाही?”

“सांगितलों असतों तर तुम्ही बोलणं थांबवलं असतं.” त्याने टोकन माझ्यापुढे ठेवलं. “घरीं अम्मा आणि मी, दोघंच ही भाषा बोलतों. बाहेर कोणी बोललं कीं... ऐकत राहावं वाटतं.” मग जरा थांबून म्हणाला, “नाकाचं तेवढं खरं होतं कां?”

मी म्हटलं, डॉक्टर बोलावताहेत. डॉक्टरांनी बोलावलं नव्हतं.

त्यानंतर मंगळवार पुरेनासे झाले. दवाखाना सुटला की आम्ही महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर जायचो. मी बसायची. तो दोन पायऱ्या उतरायचा, एक चढायचा आणि बोलत राहायचा. मी त्याला एकेका कार्डाचं गाव विचारायची. नागरकोविलला वारा कसा असतो, मदुरैत संध्याकाळी लोक कुठे जातात, गाव संपतं तिथे पुढे रस्ता कसा दिसतो. त्याला वाटायचं, मी गंमत म्हणून विचारते. मला मात्र प्रत्येक गावी त्याच्या शेजारी मी दिसायची, बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून. मी त्याच्या प्रेमात पडले होते, अगदी नाकातोंडात पाणी जाईपर्यंत.

एकदा तो म्हणाला, “होसूरच्या एका कंपनींत बोलावताहेत. वरची जागा अहे.”

मी लगेच विचारलं, “कसं अहे होसूर?”

“थंड. सकाळीं बोललों तर तोंडांतून वाफ येते. प्लॅस्टिकच्या छपराखालीं गुलाबांचीं शेतं. एका गल्लींत तमिळ, पुढच्या गल्लींत तेलुगू, त्यापुढें कन्नड...” तो थांबला. पहिल्यांदाच माझ्या पायरीवर येऊन बसला. आमच्या कोपरांमध्ये बोटभर जागा होती, आणि ती जागा मला जास्त वाटत होती. “हा माझा रोग अहे, चैत्रा. वर्ष झालं कीं पाय ऐकत नाहीत. असला माणूस... तुला खपेल कां?”

आता विचारेल, येतेस का म्हणून, आता विचारेल... मी वाट बघत होते. त्याने विचारलं नाही. मग माझी जीभ तरी सरळ चालावी की नाही? मी हसून म्हणाले, “माझ्या अल्बमांत तुमच्यासाठीं आणखी पान नाही.”

तोही हसला. पण जरा उशिराने हसला.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्याच कंपनीचा दुसरा माणूस आला, सतीशकुमार नावाचा, आणि म्हणाला, उमेश सरांनी नोकरी सोडली. मी त्याचं कार्डसुद्धा घ्यायचं विसरले. दार करकरलं की मी स्टुलावरून अर्धी उठायची. फोन लावला तर तो ‘मग करतों’ म्हणून ठेवायचा. अम्माने मेदुवडे केले, खाल्ले नाहीत. गेला असेल होसूरला, मला न विचारता, मला न घेता. दिवसभर मनात एवढंच, आणि वरून राग की थट्टा करायची अवदसा मलाच आठवली.

शुक्रवारी अप्पांचा निरोप आला, दुकानात ये. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गुरुमूर्तिरावांचं, मोठ्या रस्त्यावर पितळी समयांचं दुकान आहे. मी चपला पायरीवर काढून आत गेले आणि थबकले. समयांच्या रांगेमागे, अप्पांच्या शेजारच्या खुर्चीत, उमेश बसला होता. पांढरा सदरा, केस चापून बसवलेले. माझ्याकडे बघून तो हसला, पण उठला नाही. एका हाताने त्याने स्वतःचा गुडघा दाबून धरला होता.

अप्पांनी उजव्या हाताने एक कार्ड माझ्यापुढे केलं. कोरं करकरीत. वर लक्ष्मी, खाली दुकानाचं नाव, त्याखाली गुरुमूर्ति आणि त्याखाली आर. उमेश.

“घे. तुझ्या अल्बमाला,” अप्पा म्हणाले.

“काय हें?”

“हा आला माझ्याकडे, तुला मागायला. मी सांगितलों, कंपन्या बदलत फिरणाऱ्याला माझी पोर देत नाही. माझ्या दुकानांत बसून दाखव, मग बघूं. दोन आठवडे बसला अहे. चांगला बसतो.” अप्पा खुशीत होते. “तूंही डोळ्यांपुढें राहशील.”

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्याने मला मागितलं होतं. क्षणभर समया, छत, रस्त्यावरची सायकल, सगळंच मला गोड दिसलं. आणि मग मी परत त्याच्या त्या हाताकडे पाहिलं, गुडघा दाबणाऱ्या. हा माणूस इथे वर्षानुवर्षं असा बसणार. मीही समोर बसणार. मला जे हवं होतं ते या दोघांनी आपसात, अगदी प्रेमाने, मोडीत काढलं होतं.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“घे गे,” अप्पा म्हणाले. “हात दुखतो.”

“नको अप्पा. मज हें कार्ड नको.”

अप्पांचा हात तसाच राहिला. आयुष्यात मी पहिल्यांदा कार्ड नाकारत होते. मी उमेशकडे वळले.

“मला न विचारतां मला मागायला आलांत?”

“पान नाही म्हणालीस,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला बसणारा माणूस पाहिजे.”

“थट्टा होती ती. माझं सगळं चोरून ऐकलांत, एवढं कळलं नाही?” आता थांबणं शक्य नव्हतं. “बसणारा माणूस माझ्या घरांत एक अहे, तो पुरे. मज तुम्ही पाहिजेत, त्या पायांसकट. मज होसूर पाहिजे. ती वाफ पाहिजे. मी विचारत होतें तीं गांवं काय वेळ जात नव्हता म्हणून?”

अप्पांनी कार्ड खाली ठेवलं, फडकं घेतलं आणि एक आधीच लखलखणारी समई पुसायला लागले.

“म्हणजे तूं जाणार,” समईकडे बघत ते म्हणाले.

“होय अप्पा.”

“लांब अहे.”

“होय.”

त्यांनी बराच वेळ पुसलं. मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि उमेशला विचारलं, “होसूरवाल्यांना नाही म्हणून सांगितलास कां?”

उमेशने मान खाली घातली. “अजून नाही मामा. रोज फोन हातांत घेतों... उद्यां सांगूं, म्हणतों.” आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात; हा आधीच म्हणायला लागला होता.

“दोन आठवडे?”

“होय मामा.”

अप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि मग खांदे, आणि डोळे पुसावे लागले तेव्हा ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं, हे मी विचारलं नाही.

“ऊठ,” ते म्हणाले. “मला विचारून झालं. आता जिला विचारायचं तिला विचार. आणि बाहेर जाऊन विचार, गिऱ्हाइकांची वेळ झाली.”

तो इतक्या झटक्यात उठला की खुर्ची मागे पडली. मी आधीच पायरीवर पोचले होते. रस्त्यावर बारीक भुरभुर होती. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, धावत आल्यासारखा, खरं तर चार पावलंच चालला होता.

“चैत्रा,” तो म्हणाला. “माझ्याबरोबर... होसूरला येशील कां? आणि होसूर झालं कीं पुढें, जिथें...”

“येतें,” मी म्हणाले. “चपला घालूं दे आधीं.”